कोर्टानं एफडीत ठेवलेल्या पोरांच्या पैशाचा हिशोब विधानसभेत विचारता येतो का?

आंजर्लेकर
मंडळी जरा लांबलचक लिहितोय, वाचा. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा, वडील मुंबई-गोवा हायवेवर अपघातात गेले तेव्हा शाळेतही जात नव्हता. मोटार अपघात दावा झाला, रक्कम मंजूर झाली, आईचा हिस्सा वेगळा आणि पोराचा हिस्सा "सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत" असा आदेश. इथवर सगळं ठीक. आता पोरगा अठराचा झाला, कॉलेजची फी भरायची म्हणून पावतीची झेरॉक्स घेऊन बँकेत गेला तर कळलं की ठेव दहा वर्षांचीच केली होती, कारण बँकेत सहसा त्याहून जास्त मुदतीची एफडी होत नाही. म्हणजे तो पंधराचा असतानाच ती संपली. फॉर्मवर आपोआप नूतनीकरणाची खूण नव्हती, कोणी अर्ज दिला नाही, त्यामुळे पुढची तीन वर्षं पैसे नुसते पडून. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०२१ पासूनचा नियम असा की मुदत संपलेल्या आणि कोणी न मागितलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यात जो कमी तोच मिळणार. म्हणजे निम्म्याहून कमी व्याज.

बँक म्हणते कोर्टाचा आदेश असल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. कोर्टात म्हणतात अर्ज करा. आईला सही करता येते इतकंच. कोणाच्या नावानं बोंब मारायची?

मी आमच्या इथल्या एका पुढाऱ्याला विचारलं की अशा किती ठेवी कोकणात पडून आहेत ते विधानसभेत विचारा की, तर म्हणाला कोर्टाचा विषय आहे, आम्हाला बोलता येत नाही. हे खरं आहे का? का हात झटकले?

काजूवाला
बोलता येत नाही तेच बरंय. मी सांगतो, कोर्टानं पैसे अडकवले नसते तर त्या पोराला झेरॉक्स पण मिळाली नसती. आमच्याकडे एका केसमध्ये तडजोड बाहेरच झाली, पैसे रोख आले आणि चुलत्यानं "मी बघतो पोरांचं" म्हणून टेम्पो घेतला, टेम्पोवर पोरांच्या बापाचं नाव टाकलं मोठ्या अक्षरात, आणि पोरं अजून मामाकडे. तीन टक्के व्याज का होईना, मुद्दल तरी शाबूत आहे ना. यात आमदार घुसवू नका.

वकीलीणबाई_चिपळूण
काजूवाले, मुद्दल शाबूत हे बरोबर, आणि त्यासाठीच सुप्रीम कोर्टानं १९९३ साली केरळ एसटीच्या केसमध्ये, सुसम्मा थॉमस म्हणतात तिला, हे सगळं घालून दिलं. अज्ञान मुलाचे पैसे लांब मुदतीच्या ठेवीत, त्यावर कर्ज नाही, मुदतीआधी मोड नाही, व्याज पालकाला आणि अडचण आली तर ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, अर्ज. पुढे २०१२ च्या पद्मा केसमध्ये त्याच कोर्टानं ट्रिब्युनल्सना फटकारलं की सगळ्यांनाच सरसकट एकाच मापानं मोजू नका, माणूस बघा, वय बघा, गरज बघा. पण दहा वर्षांनंतर ठेव कोणी चालू ठेवायची हे बहुतेक आदेशांत लिहिलेलंच नसतं. मी स्वतः आता प्रत्येक अर्जात "मुदत संपल्यावर बँकेनं आपोआप नूतनीकरण करावं" हे वाक्य मागून घेते. सगळे वकील मागत नाहीत, केस संपली की फी मिळते, ठेव संपेल तेव्हा कोण असतं.

आता आंजर्लेकरांच्या प्रश्नाकडे. घटनेचं कलम २११ सांगतं की सुप्रीम कोर्टाच्या किंवा हायकोर्टाच्या न्यायाधीशांनी कर्तव्य करताना जे वर्तन केलं त्यावर विधिमंडळात चर्चा करायची नाही. संसदेसाठी तेच कलम १२१. जिल्ह्यातल्या जजचं नाव त्यात नाही, तरी "अमुक जजनं पोराला फीसाठी पैसे का नाकारले" हे सभागृहात विचारू नयेच. पण जिल्ह्यात अशा एकूण ठेवी किती, त्यातल्या मुदत उलटून गेलेल्या किती, हे जजचं वर्तन कसं काय होईल? तो कारकुनी हिशोब आहे. तुमच्या पुढाऱ्यानं हात झटकले.

निवृत्त_नाझर
नमस्कार. आयुष्य कोर्टाच्या नाझर शाखेत गेलं म्हणून चार शब्द. ठेवपावत्या आमच्या तिजोरीत असायच्या, रजिस्टर असायचं, त्यात मुदतीची तारीख असायची. माणसं वाईट नव्हती. पण केस निकाली निघाली की कागद रेकॉर्ड रूमला जातात आणि पावती तिजोरीत राहते, दोघांची परत गाठ पडते ती पक्षकार अर्ज घेऊन आला तरच. मी दरवर्षी मार्चनंतर रजिस्टर काढून मुदत संपणाऱ्या पावत्यांची यादी साहेबांपुढे ठेवायचो, बदली झाली की पुढच्यानं ठेवली तर ठेवली. तसं करा असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि नाही केलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. ऑडिटवाले यायचे, ते कॅशबुक बघायचे, चलनं बघायचे, कोर्ट फी बघायचे. पावत्यांचा गठ्ठा मोजायचे, पण मुलगा सज्ञान होऊन किती वर्षं झाली हे काही कोणी बघायचं नाही.

आणखी एक, जुन्या केसेस असतील तर बघा, कोर्टानं पालक नेमलेला असेल तर पूर्वी सज्ञान व्हायचं वय २१ धरायचे, १९९९ च्या दुरुस्तीनं सगळ्यांना १८ झालं. त्या काळातल्या पावत्यांवर तारखा २१ च्या हिशोबानं घातलेल्या होत्या, काही तशाच राहिल्या.

देवबागचो_झिलगो
माका एक सांगा, ह्यो नियम फक्त गाडयेच्या अपघाताक काय? आमच्या हय ट्रॉलरवरचो खलाशी बुडान गेलो, मालकान बायलेच्या हातात पैशे दिल्यान, कागदार अंगठो घेतल्यान आणि मिटला सगळा. मगे कोणीतरी सांगल्यान की ह्ये पैशे धरूचेच नाय. तेच्या चेडवाक शाळेक जाऊचा आसा, आमका कोर्ट नको आणि तारीख पण नको, पण चेडवाच्या नावार कायतरी रवाक होया.

वकीलीणबाई_चिपळूण
झिलग्या, बरोबर सांगितलंय तुला कोणीतरी. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कलम ८ होतं, कामावर माणूस गेला तर भरपाई त्या कायद्याखालच्या कमिशनरकडेच जमा करायची, मालकानं वारसाच्या हातात परस्पर दिली तर ती दिली असं धरतच नाहीत. बायका आणि अज्ञान मुलांचा हिस्सा कुठे गुंतवायचा तेही कमिशनरच ठरवणार. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, तरी तू तालुका विधी सेवा समितीत जा, फुकट वकील मिळतो. अंगठ्याचा कागद टाकून देऊ नको, तो पुरावा आहे.

रत्नांग्रीची_आयर्लंडात
हा धागा बघून राहवेना. मी इथे नर्स आहे, वृद्धाश्रमात, आणि माझ्या वॉर्डातल्या काही आज्यांचे पैसे अनेक वर्षं कोर्टाच्या ताब्यात होते, अशा कोर्टाच्या पालकत्वाखालच्या माणसाला "वॉर्ड ऑफ कोर्ट" किंवा नुसतं "वॉर्ड" म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेले, डोक्याला मार लागलेले, जन्मतः मेंदूला इजा झाल्यामुळे हॉस्पिटलकडून भरपाई मिळालेली मुलं, या सगळ्यांचा पैसा हायकोर्टाच्या अखत्यारीत आणि प्रत्यक्ष सांभाळायला कोर्ट्स सर्व्हिस. एकूण रक्कम एक अब्ज युरोच्या वर. कायदा कधीचा? १८७१ चा, नावातच "लुनसी", म्हणजे वेडेपणा! तो मोडून नवीन २०१५ चा कायदा केला आणि तो लागू व्हायला २६ एप्रिल २०२३ उजाडलं. प्रत्येक वॉर्डचा नव्यानं विचार करून तीन वर्षांत त्यांना बाहेर काढायचं असं त्यात लिहिलं होतं.

पण मुद्दा वेगळा. २००८ ची मंदी आली तेव्हा यातले काही पैसे शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात होते आणि अनेक घरांनी तक्रार केली की आमच्या मुलाची रक्कम घटली, आम्हाला कोणी विचारलं नाही, साधं स्टेटमेंटही धड मिळालं नाही. हे घरचे लोक नेटानं भांडत राहिले आणि शेवटी संसदेच्या न्याय समितीपुढे विषय गेला, कुटुंबं बोलली, अधिकाऱ्यांना बोलावलं. आता गंमत बघा, इथेही तुमच्या २११ सारखीच भिंत आहे. १९९८ च्या कोर्ट्स सर्व्हिस कायद्यानुसार मुख्य अधिकाऱ्याला समितीपुढे हिशोबासाठी बोलावता येतं पण न्यायाधीशानं न्यायाधीश म्हणून जे केलं त्याबद्दल त्याला विचारता येत नाही. मग झालं असं की फंडाचं धोरण, फी, कळवण्याची पद्धत यावर प्रश्न विचारता आले आणि "माझ्या मुलाचे पैसे अमुक फंडात का घातले" याला उत्तर नाही. त्या मुलांच्या आया तिथे बसून ऐकत होत्या.

आणि शेजारी इंग्लंडमध्ये कोर्ट फंड्स ऑफिस आहे, त्यांचा हिशोब नॅशनल ऑडिट ऑफिस तपासतं आणि १९८२ च्या कायद्याखाली संसदेपुढे ठेवतात. कोणालाही वाचता येतो. मी वाचला, झोप येते, पण आहे.

गुहागरी_कडू
छान छान. आयर्लंडात लोक ऐकायला बसतात, आपल्याकडे अधिवेशनाला आमदार हुरडा खायला जातात. लोकलेखा समितीचे अहवाल किती जुन्या वर्षांवर येतात बघा जरा, तोवर पोरगा आजोबा होईल. आणि जे काही झालंय ते कोर्टानंच केलंय. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःहून केस घेतली, ती पण गुजरातच्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी पत्र लिहिलं म्हणून. एकट्या गुजरातेत अपघात ट्रिब्युनलांत २८० कोटींच्या वर रक्कम पडून, कोणी न्यायला येत नाही! एप्रिल २०२५ ला आदेश झाला, अर्जातच बँक खातं, आधार, पॅन घ्या, रक्कम थेट खात्यात टाका, हायकोर्टांनी या रकमांची माहिती दाखवणारा ऑनलाइन डॅशबोर्ड करा, विधी सेवावाल्यांनी माणसं शोधा. कुठल्या खासदारानं केलं होतं का हे?

आंजर्लेकर
कडू, तुमचाच मुद्दा माझ्या बाजूनं आहे की. एका निवृत्त जजला पत्र लिहावं लागलं तेव्हा देशाला आकडा कळला. म्हणजे तोपर्यंत कुठल्याच सभागृहाच्या टेबलावर हा आकडा दरवर्षी येत नव्हता. दुसऱ्या कोणाला पत्र लिहावंसं वाटलं नसतं तर? आणि ते २८० कोटी न नेलेले. आमच्या पोराचे पैसे न नेलेल्यात मोडतच नाहीत, ते "नीट ठेवलेले" आहेत, फक्त झोपलेत.

वकीलीणबाई_चिपळूण
आंजर्लेकरांनी नेमकं धरलं. थोडं कंटाळवाणं आहे पण लिहिते. घटनेचं कलम २८४ असं आहे की कुठल्या दाव्यात, कुठल्या व्यक्तीच्या नावे कोर्टात किंवा सरकारी अधिकाऱ्याकडे जे पैसे जमा होतात ते राज्याच्या लोकलेख्यात (पब्लिक अकाउंटमध्ये) भरायचे. राज्याच्या वित्त लेख्यात ८४४३ नावाचं मुख्य शीर्ष आहे, दिवाणी ठेवी, त्यात १०४ खाली दिवाणी न्यायालयांच्या ठेवी वेगळ्या दाखवतात. हे लेखे महालेखापाल करतात, विधिमंडळापुढे दरवर्षी ठेवले जातात. म्हणजे कोर्टातला पैसा विधिमंडळाला दिसतच नाही हे चूक, एका ओळीत दिसतो, वर्षाच्या सुरुवातीला इतके आणि शेवटी इतके.

पण पोराच्या नावानं बँकेत एफडी केली की तो पैसा या ओळीतून बाहेर पडला. तो सरकारचा नाही, पोराचा आहे, बँकेच्या पुस्तकात आहे. म्हणून कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांच्या, नजरेला तो येत नाही, आणि बँकेला रिझर्व्ह बँक विचारते ते बँकेच्या तब्येतीबद्दल, या पोराबद्दल नाही. सगळ्यात जास्त जपायला हवा तो पैसा सगळ्यात कमी जणांना दिसतो. लोकांना वाटतं कोर्ट बघतंय म्हणजे झालं.

त्यातली मजा अशी की १८९० च्या पालक कायद्यात कोर्ट पालकाकडून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी मागू शकतं, हिशोब मागू शकतं, नाही दिला तर दंड. चुलत्याला हिशोब लागतो, तिजोरीला नाही.

काजूवाला
हे मात्र मान्य. टेम्पोवाल्याला कोर्टानं हिशोब विचारायला हवा होता तेव्हा विचारला नाही ही गोष्ट वेगळी.

पावसकर
हायवेच्या भूसंपादनाचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातले निम्मे वारले, काही परळ-लालबागला, दोन नावांपुढे अजून अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आणि ज्याच्या नावापुढे ते आहे तो अज्ञान मुलगा आता रिटायर होऊन बसलाय. वाटणीवरून वाद झाला की प्रांत राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या ३एच(४) खाली प्रकरण मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात आणि पैसे तिथे. आमचे गेले तसे.

त्यातली एक हिस्सेदार माझी आत्या, बरीच वर्षं रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात काढलेली, आता घरी असते, शांत असते पण सही-व्यवहार तिला कळत नाही. तिच्या हिश्श्याचे पैसे कोणाच्या सहीनं आणायचे? आम्हाला वाटलं सोपं असेल. जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा कोर्ट मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायचं, २०१७ च्या नवीन कायद्यात ते प्रकरणच नाही, त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे पण तो उपचाराच्या निर्णयापुरता. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, तिथे कलेक्टरच्या समितीकडून पालक मिळतो आणि त्या पालकाला दरवर्षी हिशोबही द्यावा लागतो, पण आत्या त्या यादीत बसत नाही. अपंग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे असं एक वकील म्हणाले, दुसरे म्हणाले थेट हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली जा, कोमातल्या माणसांसाठी मुंबई हायकोर्टानं तसे पालक नेमलेत. मुंबईची फेरी आणि फी धरली तर आत्याच्या हिश्श्यात काय उरणार?

आता सांगा, ही पोकळी कायद्यातली आहे. ती भरणं कोर्टाचं काम नाही. तिथे खासदारच लागतील, हुरडा खाऊन झाल्यावर का होईना.

रत्नांग्रीची_आयर्लंडात
पावसकर, इथल्या नवीन कायद्याचा गाभा तोच आहे, माणसाला सरसकट "कळत नाही" ठरवायचं नाही, कुठल्या व्यवहारात किती मदत हवी ते बघायचं, आणि ज्याला मदतनीस नेमलं त्याच्यावर देखरेख करायला डिसिजन सपोर्ट सर्व्हिस नावाचं वेगळं कार्यालय. सगळं गुळगुळीत चालतं असं मुळीच नाही, जुन्या वॉर्ड्सची प्रकरणं कोर्टात रांगेत होती. पण आत्यासारख्या बाईला निदान कुठल्या दारात जायचं ते ठाऊक असतं.

गुहागरी_कडू
बरं मग आंजर्लेकर, विचारणार काय? "कोकणातल्या पोरांवर अन्याय का" असलं काही लिहून दिलंत तर मंत्री उत्तर देतील "प्रश्न उद्भवत नाही" आणि संपलं.

आंजर्लेकर
मसुदा केलाय, वकीलीणबाई तपासा. विधी व न्याय मंत्र्यांना तारांकित प्रश्न. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या अपघात ट्रिब्युनल आणि दिवाणी कोर्टांनी अज्ञान व मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्तींच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवी एकूण किती आणि रक्कम किती. त्यातल्या किती ठेवींची मुदत संपूनही नूतनीकरण झालेलं नाही. किती ठेवींचे मालक सज्ञान होऊनही त्यांना रक्कम मिळालेली नाही, आणि त्यांना कळवण्याची काही पद्धत आहे का. आणि हायकोर्टाच्या डॅशबोर्डवर या ठेवी येतात की फक्त कोर्टात पडून असलेल्या रकमा येतात.

वकीलीणबाई_चिपळूण
चांगलंय. फक्त "कोर्टांनी ठेवलेल्या" ऐवजी "कोर्टांच्या आदेशानं बँकांत ठेवलेल्या" करा, नाहीतर न्यायालयाच्या कामात हस्तक्षेप म्हणून सचिवालयच परत पाठवेल. शेवटच्या प्रश्नाला मंत्र्यांना हायकोर्टाच्या प्रशासनाकडून माहिती मागवावी लागेल, "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. ते आलं तरी हरकत नाही, मग आश्वासन समितीकडे पाठपुरावा करता येतो. त्याच वेळी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना साधं निवेदन पण द्या, त्याला विधानसभा लागत नाही.

निवृत्त_नाझर
निवेदनात रजिस्टरचा उल्लेख जरूर करा. मुदत संपणाऱ्या पावत्यांची वार्षिक यादी साहेबांपुढे ठेवावी एवढं परिपत्रक निघालं तरी निम्मं काम होईल. आणि त्या मुलानं स्वतः सज्ञान झाल्याचा अर्ज द्यावा, जन्मदाखला, आधार, पासबुक, आदेशाची नक्कल जोडून. मुदतीनंतरच्या व्याजाबद्दल त्याच अर्जात बँकेला म्हणणं द्यायला लावावं अशी विनंती करावी. वेगळा दावा नको.

काजूवाला
ते उद्गम पोर्टल म्हणून काहीतरी आहे ना रिझर्व्ह बँकेचं, तिथे नाव टाकून नाही का बघता येणार बाकीच्या पोरांचं? गावातल्या अजून दोघातिघांचे असणार असे.

वकीलीणबाई_चिपळूण
नाही दिसणार. उद्गम २०२३ ला सुरू झालं ते दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या, रिझर्व्ह बँकेच्या फंडात गेलेल्या ठेवींसाठी. दोन-तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेली ठेव तिथे येणारच नाही. निकालपत्र काढा, ई-कोर्टच्या साइटवर आईच्या नावानं शोधलं तरी बहुतेक सापडतं, त्यात शेवटच्या परिच्छेदात रक्कम आणि अट असते, मग ज्या शाखेत ठेव केली तिथे लेखी अर्ज. तोंडी विचारू नका, तोंडी विचारलं की "कोर्टात जा" एवढंच ऐकायला मिळतं.

देवबागचो_झिलगो
बाई, माझ्या खलाशाच्या कागदाचो फोटो तुमका मेसेजात धाडलंय. अंगठो डाव्या हाताचो आसा काय उजव्या ह्या कळना नाय, चलात मा?

वकीलीणबाई_चिपळूण
चालेल. मूळ कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेव, आणि अपघात कधी झाला ती तारीख कळव आधी, मुदतीचा प्रश्न येतो त्यात.